गाडीच्या पोटाखालचा गंज

रत्नागिरी, मुरूड, श्रीवर्धन अशा किनाऱ्यावरच्या गावांत वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ त्याचा वेग वाढवते. ब्रेकच्या तेलाची नळी गंजून फुटली तर घरच्यांच्या जिवाशी गाठ पडते.

यावर गॅरेजमध्ये खालून स्प्रे मारून देतात. डांबर किंवा रबराचा थर जाड बसतो आणि खडीचा मार सोसतो. पण त्याला तडा गेला की पाणी आत शिरते आणि गंज थराखाली लपून वाढतो. मेणाचा थर मऊ असतो, सांध्यांत झिरपतो; मात्र हळूहळू धुऊन जातो, म्हणून दरवर्षी तपासून पुन्हा मारावा लागतो.

कोणताही निवडा, आधीची तयारी महत्त्वाची. गाडी रॅम्पवर घेऊन चिखल धुवावा, पत्रा पूर्ण वाळू द्यावा, सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा. ओल्या, गंजक्या पत्र्यावर मारलेला स्प्रे गंज झाकतो, थांबवत नाही. सायलेन्सर आणि ब्रेकवर स्प्रे जाऊ देऊ नये. दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोके मोकळी राहिली की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे. ती बुजली तर पाणी आतच साचते.

हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत उरकावे. पाऊस संपला की गाडी खालून धुवावी आणि टॉर्च घेऊन एकदा वाकून पाहावे.