कळ दाबली, पण पोचले काय?

संगणकावर निव्वळ अक्षरांचा जो पडदा असतो त्यास टर्मिनल म्हणतात, आणि त्यावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या साधनास एडिटर. आपण दोन कळा एकदम दाबल्या की त्या दोन्हींचे वर्तमान एडिटरला कळते, असा आपला समज असतो. आम्हीही बरीच वर्षे त्याच समजुतीत होतो. पण टर्मिनल हा टेलिप्रिंटरचा वंशज. त्याच्या तारेतून कळा जात नाहीत. जातात ते अंक.

१९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतात सात बिटांचे, म्हणजे शून्य वा एक मावणाऱ्या सात घरांचे, १२८ अंक होते. मोठ्या 'ए'चा अंक ६५. कंट्रोल कळ त्यातून ६४ वजा करते, उरतो १. याच हिशेबाने कंट्रोल-आय होतो ९, आणि टॅब कळीचा अंकही नेमका ९! एडिटरने भेद करावा तरी कसा?

आठवे घर मोकळे होते. ते मेटा नावाच्या कळीने बळकावले; आज तिची जागा आल्ट चालवते. अक्षराच्या अंकात १२८ मिळवले की झाली आज्ञा. इंग्रजीपुरते लिहिणाऱ्यांचे यात काही बिघडले नाही. आमचे मात्र बिघडले असते. १९९२ साली केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत आपला 'क' तीन अंकांचा होतो: २२४, १६४, १४९. तिन्हींत आठवे घर भरलेले. जुन्या वळणाचा एडिटर यांना तीन आज्ञाच समजणार. वाटेत कोणी आठवे घर छाटलेच, तर उरतात ९६, ३६ आणि २१. पैकी २१ म्हणजे कंट्रोल-यू. युनिक्सच्या टर्मिनलात त्याचा सर्वसाधारण अर्थ, लिहीत असलेली ओळ पुसून टाक. 'क' लिहावा आणि ओळच नाहीशी व्हावी!

तोड निघाली ती अशी की, आल्टने आठव्या घराला हात लावू नये. अक्षरापूर्वी एस्केपचा अंक २७ धाडावा. अक्षरे वाचली. पण एस्केप ही स्वतंत्र कळही आहे. विम एडिटरात ती लेखन थांबवून आज्ञा घेण्याच्या स्थितीत नेते. बाणांच्या कळाही २७ पासूनच सुरू होणारी अंकमाला धाडतात. म्हणून २७ आला की एडिटर क्षणभर थबकतो: मागोमाग काही येते का? तार मंद असली आणि हे थबकणे तोकडे पडले, तर वरचा बाण दाबावा आणि नवी ओळ उघडून तीत 'ए' उमटावा, असा प्रकार घडतो.

अलीकडे किट्टी या टर्मिनलाने कळ व तिच्यासोबतची कळ निरनिराळ्या अंकांनी कळवण्याची रीत काढली आहे. मात्र ती टर्मिनल आणि एडिटर या दोघांनाही ठाऊक असावी लागते.