पेट्रोल पंप तोच, गाडी तीच... मग इलेक्ट्रिकची गरज काय? वाचा कृत्रिम इंधनाचं गणित

‘आता हवा-पाण्यापासून पेट्रोल बनतंय, मग इलेक्ट्रिक गाडीच्या भानगडीत कशाला पडायचं?’ हा प्रश्न गावागावांत निघतो. नवी गाडी घेण्याआधी दोन्हींना काय-काय लागतं, ते समजून घेऊया.

हवेपासून पेट्रोल कसं बनतं?

विजेचा वापर करून पाण्यातून हायड्रोजन काढतात. त्यात हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड मिसळून आधी मिथेनॉल आणि पुढे पेट्रोल तयार होतं. जेवढा कार्बन हवेतून घेतला तेवढाच धुरातून परत जातो, म्हणून याला ‘कार्बन-न्यूट्रल’ म्हणतात. मात्र वीज कोळशाची असेल तर हे गणित बसत नाही. उसापासून किंवा मक्यापासून बनणारं इथेनॉल वेगळं, हे वेगळं.

दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, पुंता अरेनासजवळ डिसेंबर 2022 मध्ये ‘हारू ओनी’ हा असा प्रकल्प सुरू झाला. तिथं वारा जोराचा, म्हणून 3.4 मेगावॅटची पवनचक्की बसवली. पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट वर्षाला सुमारे 1 लाख 30 हजार लिटर.

फायदा काय, अडचण काय?

फायदा मोठा आहे. टँकर तोच, पंप तोच, गाडीचं इंजिनही तेच. गावात काहीच बदलायचं नाही.

अडचण मागच्या बाजूला आहे. असं 1 लिटर पेट्रोल बनवायला अंदाजे 18 ते 20 युनिट वीज लागते. त्यावर साधी कार 18-20 किलोमीटर जाईल. तेवढ्याच विजेवर छोटी इलेक्ट्रिक कार 100 किलोमीटरच्या पुढं जाते. म्हणजे त्याच अंतराला पाच-सहा पट वीज, त्यासाठी तेवढ्या जास्त पवनचक्क्या आणि सोलर. म्हणूनच हे इंधन महाग पडतं. जिथं बॅटरी चालत नाही, तिथं त्याचा खरा उपयोग. युरोपात 2030 पासून विमानाच्या इंधनात ते थोड्या प्रमाणात मिसळणं सक्तीचं होणार आहे.

इलेक्ट्रिकला गावात काय लागतं?

इथं उलटं आहे. वीज कमी लागते, पण ती गावात, दारापर्यंत नीट यावी लागते.

स्कूटरचा चार्जर साधारण इस्त्रीएवढी वीज घेतो. घरच्या प्लगवर चार-पाच तासांत काम होतं. कारला 15 अँपिअरचा प्लग लागतो. तिचा भार 3 ते 5 एचपीच्या मोटरीएवढा, आणि 24 युनिटची बॅटरी भरायला आठ-नऊ तास.

खरी अडचण फास्ट चार्जरची. 60 किलोवॅटचा एक चार्जर 100 केव्हीएच्या डीपीचा निम्म्याहून जास्त भार खातो. 63 ची डीपी असेल तर जवळपास सगळाच. म्हणून फाट्यावर चार्जिंग स्टेशन आणायचं तर वेगळा ट्रान्सफॉर्मर आधी मागावा लागेल.

गाडी घेण्याआधी हे बघा

- घरचा मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा. कमी असेल तर वाढवून घ्या.
- चार्जिंगसाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावू नका.
- शेतीपंपाच्या कनेक्शनवर चार्जिंग करू नका. मंजूर कामाऐवजी दुसरीकडं वीज वापरली तर वीज कायद्याच्या कलम 126 नुसार दंडाची आकारणी होते.
- रात्री लाईट किती तास टिकते, व्होल्टेज किती मिळतं, ते आठवडाभर पाहा.

हवेचं पेट्रोल आपल्या पंपावर येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. रोजची फेरी 40-50 किलोमीटरची आणि घरी लाईट बऱ्यापैकी असेल, तर इलेक्ट्रिक आजच परवडू शकते. लाईटच धड नसेल, तर शोरूमला जाण्याआधी ग्रामसभेत डीपीचा विषय मांडा.