माप 1882 सालचं

जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमात, चिखलीत काय नि पुण्यात काय, एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘अहो, तो काळच तसा होता.’ कुणीतरी विचारतं, टिळकांनी मुलींच्या आधुनिक शिक्षणाला विरोध का केला? उत्तर तयारच असतं. जुन्या काळची पायली आजच्या किलोने मोजू नये म्हणे! ऐकायला समजूतदार वाटतं. पण त्या काळच्या बाजारात एकच माप चालत होतं, हे कुणी ठरवलं?

शोध घ्यायला लांब जायला नको. चिखलीहून बुलढाण्याचा रस्ता धरा. एकोणिसाव्या शतकात तिथे ताराबाई शिंदे राहत. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं.

1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. गुन्हा, स्वतःच्या नवजात मुलाची हत्या. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून एकजात सगळ्या बायकांवरच तोंडसुख सुरू झालं. त्यात ‘पुणे वैभव’ पुढे होतं. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचलं आणि त्या पेटून उठल्या. विधवेला पुन्हा लग्न करू देणार नाही, आणि तिला फसवणारा पुरुष मात्र उजळ माथ्याने फिरणार? 1882 साली पुण्यात त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापलं गेलं. प्रती 500.

आता पुस्तकात काय आहे ते पाहा, आणि थक्क व्हा. ही बाई शेजारच्या पुरुषांवर थांबत नाही. ती थेट पुराणांत शिरते आणि देव, ऋषी, राजे यांनाही जाब विचारते. सावित्रीने नवऱ्याचे प्राण यमाकडून परत आणले, ठीक. पण बायकोचे प्राण मागायला एखादा नवरा यमाच्या दारात गेल्याचं कुणी ऐकलंय का? मला तर हा प्रश्न आजही ताजा वाटतो. पूज्य मानलेल्यांना सगळ्यांच्याच मापाने मोजायचं, ही आजची टूम नाही. वऱ्हाडातल्या एका बाईने ती 1882 साली करून दाखवली.

आणि गंमत बघा, त्याच 1882 साली मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात दोन तरुण एकत्र शिक्षा भोगत होते : टिळक आणि आगरकर. कोल्हापूरच्या दिवाणावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आलेल्या मजकुराबद्दल बदनामीचा खटला झाला होता. 101 दिवस दोघे आत होते. दोघांचा जन्म 1856 सालचा. दोघे डेक्कन कॉलेजचे, दोघे न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक, वर्तमानपत्रंही एकच. दोन माणसांचा ‘काळ’ याहून जास्त सारखा असू शकतो का? तरीही बालविवाह, स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा यांवर ते इतके दूर गेले की 1887 साली आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. काळच माणसाला घडवतो म्हणता, मग एकाच काळाने ही दोन माणसं कशी घडवली?

आणि मुलींची शाळा तरी नवलाईची होती का? जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची भिडेवाड्यातली शाळा 1848 सालची. टिळक जन्मले त्याच्या आठ वर्षं आधीची!

अर्थात टिळकांनाही घाईने मोजून चालत नाही. 1891 चं संमतिवयाचं विधेयक घ्या. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. शरीरसंबंधासाठी मुलीचं कमीत कमी वय तेव्हा कायद्याने दहा होतं, ते बारा करायचं होतं. टिळकांनी कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. पण याच टिळकांनी 1890 साली सुधारकांपुढे सूचना ठेवली होती की मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, आणि हे ज्यांना मान्य असेल त्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं. सोळा! कायदा बारावर अडखळत होता तेव्हा. हे वाचून टिळकांबद्दलचा माझा आदर वाढतो, आणि विधेयकाला त्यांनी केलेला विरोध तरीही चुकीचाच वाटतो. परकं सरकार जाईपर्यंत वाट पाहायला त्या दहा वर्षांच्या मुलींकडे वेळ कुठे होता?

मग ‘तो काळच तसा’ हे आपल्या मनात इतकं पक्कं कसं बसलं? ताराबाईंच्या पुस्तकाचं काय झालं ते पाहिलं की कळतं. टीका झाली, आणि तीही सत्यशोधकांमधूनसुद्धा. 1885 साली ‘सत्सार’मध्ये जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि आहे तेही लोक विसरले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा मधे 93 वर्षं गेली होती! ‘केसरी’ मात्र घरोघर वाचला जात राहिला. ज्याचा छापखाना चालू राहिला, त्याचं माप ‘काळाचं माप’ ठरलं.

ताराबाईंनाही हाच न्याय लावायला हवा. पुरुषांवर आग ओकणाऱ्या या पुस्तकात पातिव्रत्याचा आदर्श त्यांनी पुरता टाकलेला नाही. आज ते खटकतं. पण 1882 सालीच पुण्यात आणखी एका बाईचं पुस्तक निघालं, पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्म-नीति’. त्यात राग नाही, बायकांनी कसं वागावं याचा उपदेश आहे. पुढच्या वर्षी रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला, आणि 1887 साली ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ लिहून त्यांनी त्याच समाजव्यवस्थेची जगापुढे चिरफाड केली. मधे वर्षं गेली फक्त पाच. आता सांगा, त्यांच्या पहिल्या पुस्तकाला मोजायचं ते आजच्या मापाने, 1882 च्या मापाने, की स्वतः रमाबाईंच्याच 1887 च्या?