झाडावर तिघं, खाली पाणी

आमची आजी भिलवडीला कृष्णेच्या घाटावर धुणं धुवायची ती पाण्याकडे तोंड करून. पाठ कधी करायची नाही. नदीत मगर आहे हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, तिच्या बसण्यावरूनच कळलं. त्यामुळे ‘ब्लॅक वॉटर’ हा ऑस्ट्रेलियन सिनेमा मी जरा खोट काढायच्याच बेताने लावला.

2007 चा हा सिनेमा अँड्र्यू ट्राउकी आणि डेव्हिड नर्लिक या दोघांचा. दोन बहिणी आणि थोरलीचा नवरा खारफुटीत मासे धरायला जातात. मगर होडी उलटवते, होडीवाला मरतो, उरलेले तिघं झाडावर चढतात. होडी समोरच पालथी पडलीय, पण तिथवर जायचं तर पाण्यात उतरायला हवं. गोष्ट एवढीच. आणि ती नुसती कल्पनेतली नाही. 2003 साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला फिनिस नदीत तीन तरुणांपैकी एकाला मगरीनं नेलं. बाकीच्या दोघांनी झाडावर रात्र काढली, मगर खालीच घोटाळत होती.

पैसा बेताचा, म्हणून संगणकावर राक्षस बनवण्याच्या भानगडीत हे दोघं पडले नाहीत. खऱ्या मगरींचं वेगळं चित्रण केलं आणि ते नटांच्या दृश्यांत बेमालूम मिसळलं. पण खरी मगर सांगेल तसं थोडीच करते! मग पडद्यावर बहुतेक वेळ दिसतं ते गढूळ, शांत पाणी. तेच अंगावर येतं. मगर असतेच तशी: डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर, बाकी सगळी पाण्याखाली. थंड रक्ताची असल्यामुळे तिला अन्न फार लागत नाही, आठवडेच्या आठवडे ती उपाशी काढू शकते. झाडावरच्या माणसाचा घसा मात्र दुसऱ्याच दिवशी कोरडा पडतो. या सामन्यात घाई कुणाला आहे, ते उघड आहे.

खोट सापडली ती एकच. थोरली बहीण गरोदर दाखवलीय. आपला जीव जास्त टांगणीला लागावा म्हणून केलेली ही मालिकाछाप युक्ती, तिची काही गरज नव्हती.

पाण्याच्या बाबतीत मात्र सिनेमा खोटं बोलत नाही. माझ्याकडून पास. बघाल तेव्हा दिवे मालवा, आणि मगर शोधत बसू नका, पाण्याकडे बघा.