आधी फळी, मग क्वार्टरबॅक

नेब्रास्का विद्यापीठाचा सर्वकालीन फुटबॉल संघ निवडायचा म्हटलं की बहुतेक जण क्वार्टरबॅकपासून सुरुवात करतात. टॉमी फ्रेझर, टर्नर गिल, की हाइजमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेला एरिक क्राउच, या वादात लिंकन शहरातली अख्खी संध्याकाळ सरू शकते. मी सेंटरपासून सुरुवात करतो, आणि तिथं वादाला जागाच नाही. डेव्ह रिमिंग्टन.

हा फुटबॉल अमेरिकेतला, लांबट चेंडूचा, पायापेक्षा हातानंच जास्त खेळला जाणारा. मैदानात एका वेळी अकरा जण असतात खरे, पण चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. शिवाय चेंडूला लाथ मारायला खास माणसं असतात. म्हणजे क्रिकेटवाल्यांच्या ‘सर्वकालीन अकरा’च्या दुप्पट डोकेदुखी. त्या चढाईच्या अकरांपैकी पाच जण पुढच्या फळीत असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. एरवी चेंडू त्यांच्या हातात येत नाही. सेंटर तो मागे देतो तेवढाच. समोरच्याला ढकलून वाट मोकळी करायची, एवढंच त्यांचं काम. सामन्याच्या आकडेवारीत त्यांचं नाव शोधून सापडत नाही.

फळीच्या मधल्या जागांवर खेळणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी आउटलँड ट्रॉफी आहे, १९४६पासून. रिमिंग्टननं ती १९८१ आणि १९८२ अशी दोनदा घेतली. आजवर दुसऱ्या कुणालाही ते जमलेलं नाही. आता तर देशातल्या सर्वोत्तम सेंटरला दिला जाणारा पुरस्कारच त्याच्या नावाचा आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. चढाईची आणि बचावाची अशी दोन्हीकडची माणसं धरून नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी मिळून ही ट्रॉफी नऊ वेळा आणली. इतक्या वेळा ती दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात गेलेली नाही. हाइजमनचे मानकरी तीन आहेत, त्यांचे पुतळे, त्यांच्या चित्रफिती, त्यांच्या दंतकथा आहेत. पण संघ कशावर उभा होता, ते आउटलँडच्या यादीत दिसतं.

तर रिमिंग्टनच्या एका बाजूला डीन स्टाइनकुलर, १९८३चा मानकरी, बर नावाच्या मूठभर घरांच्या गावातला. दुसऱ्या बाजूला १९९२चा विल शील्ड्स, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये कॅन्सस सिटीकडून चौदा हंगाम एकही सामना न चुकवता खेळला. टॅकलच्या एका जागेवर फ्रीमाँटचा झॅक वीगर्ट, १९९४चा. दुसऱ्या जागेवर मी थोडी लबाडी करतो. बॉब ब्राउन १९६३मध्ये नेब्रास्काकडून गार्ड म्हणून गाजला, पण पुढे नाव कमावलं ते टॅकल म्हणून, आणि तो इतका दांडगा होता की त्याला बाहेर ठेवायचं धाडस माझ्यात नाही. या सगळ्यात १९९७चा मानकरी ॲरन टेलर राखीव खेळाडूंत जातो. एक वर्ष सेंटर आणि पुढच्या वर्षी गार्ड म्हणून राष्ट्रीय संघनिवडीत आलेला माणूस, आणि माझ्या संघात त्याला जागा नाही!

नेब्रास्कातच हे का घडलं, त्याला कारणं आहेत. राज्याची लोकसंख्या आजही वीस लाखांच्या आसपास. मक्याची शेतं, गुरं, कडक हिवाळा, आणि मोठा व्यावसायिक संघ एकही नाही. चपळ, वेगवान पोरं टेक्सास-फ्लोरिडात पिकतात. ती इथं बोलावून आणावी लागतात, आणि थंडीचं नाव काढलं की येत नाहीत. मग जे इथं मिळतं त्यावरच काम करायचं, म्हणजे शेतातली थोराड पोरं. १९६९मध्ये बॉइड एप्ली नावाच्या तरुणाला इथं ताकदीच्या व्यायामाचा प्रशिक्षक म्हणून ठेवलं. तो बांबूउडीचा खेळाडू, दुखापत झाली म्हणून वजनं उचलायला लागलेला. त्या काळी वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो, असा पक्का समज होता. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी त्याला बजावलं होतं, की एक जरी पोरगा मंदावला तरी तुझी नोकरी गेली, अशी गोष्ट सांगतात. पुढच्या दोन्ही वर्षी, १९७० आणि १९७१मध्ये, नेब्रास्का राष्ट्रीय विजेता झाला. आज अमेरिकेतल्या झाडून सगळ्या मोठ्या विद्यापीठांत असा प्रशिक्षक असतो.

दुसरं कारण म्हणजे ‘वॉक-ऑन’ मुलं. शिष्यवृत्ती नाही, हमी नाही, घरचे पैसे भरून यायचं आणि सरावात मार खायचा. सत्तरच्या दशकात शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आल्या तेव्हा इतर विद्यापीठांचे संघ आक्रसले. नेब्रास्कात मात्र स्वखर्चानं येणाऱ्या पोरांची रांग होतीच, कारण राज्यातल्या प्रत्येक गावाला आपला एक पोरगा लाल जर्सीत बघायचा होता. त्यातले बरेच फुलबॅक झाले. फुलबॅक म्हणजे शंभरातले नव्वद वेळा दुसऱ्यासाठी धडक मारणारा माणूस. ब्रेनर्डचा जोएल माकोविका हा त्यातलाच. तरी माझा फुलबॅक कोलंबस गावचा कोरी श्लेसिंजर. १ जानेवारी १९९५च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मायामीविरुद्ध शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यानं दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, सामना २४-१७ असा फिरला आणि डेव्हनींनंतरचे मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. ते बावीस हंगाम त्याची वाट पाहत होते.

फळी आणि फुलबॅक ठरले की क्वार्टरबॅकचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो. सत्तरच्या दशकात ऑस्बर्न ओक्लाहोमाकडून इतक्या वेळा हरले की शेवटी त्यांनी ओक्लाहोमाचंच हत्यार उचललं. ते हत्यार म्हणजे ‘ऑप्शन’. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन फळीच्या मागून आडवा पळतो. बचावातला टोकाचा एक माणूस मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू बाजूच्या धावपटूकडे फेकायचा, तो धावपटूकडे वळला तर स्वतःच घुसायचं. निर्णय अर्ध्या क्षणाचा, आणि चुकला तर बरगड्यांवर. लांब पल्ल्याची फेक इथं दुय्यम असते. म्हणून व्यावसायिक फुटबॉलमध्ये कुणाचं पुढे काय झालं, हा निकष मी इथं लावतच नाही.

सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरलेल्या सामन्यांत गिलची कामगिरी २८ विजय, २ पराभव. फ्रेझरची ३३ विजय, ३ पराभव. हे आकडे शेजारी ठेवून निवड होत नाही. निवड होते ती २ जानेवारी १९९६च्या रात्रीमुळे. फिएस्टा बोलमध्ये फ्लोरिडाविरुद्ध फ्रेझर ७५ यार्ड पळाला. मध्ये अर्ध्या संघानं त्याला धरलं, ओढलं, तो डगमगला, पण सुटून गेला. नेब्रास्का ६२, फ्लोरिडा २४. त्या १९९५च्या संघानं बारापैकी बारा सामने जिंकले, एकही चौदा गुणांपेक्षा कमी फरकानं नाही, आणि अखेरच्या क्रमवारीतल्या पहिल्या दहांपैकी चार संघांना हरवलं होतं. आदल्या वर्षी पायात रक्ताच्या गाठी झाल्यामुळे फ्रेझर बहुतेक हंगाम बाहेर होता. ती जागा ब्रुक बेरिंजरनं सांभाळली, म्हणून तर विजेतेपद आलं. एप्रिल १९९६मध्ये व्यावसायिक निवडीला दोन दिवस असताना बेरिंजर विमान अपघातात गेला. माझ्या संघात राखीव क्वार्टरबॅक तोच. आकड्यांनी ती जागा गिलची किंवा क्राउचची आहे हे मान्य. पण गिलला मी फ्रेझरच्या शेजारी क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक म्हणून उभा करतो. खऱ्या आयुष्यातही तो तिथंच होता.

आय-बॅक, म्हणजे मुख्य धावपटू, निवडताना मात्र हात आखडतो. १९८३चा माइक रोझिअर: एका हंगामात २,१४८ यार्ड, २९ टचडाउन, दर धावेला सरासरी ७.८ यार्ड. कागदावर विषय संपला. पण नेब्रास्काच्या जुन्या प्रेक्षकांना खासगीत विचारलं तर अनेक जण सांगतील, की निव्वळ धावण्यात लॉरेन्स फिलिप्स त्याच्याही वरचढ होता. सप्टेंबर १९९५मध्ये पूर्वीच्या मैत्रिणीवर हल्ला केल्याबद्दल त्याला अटक झाली. ऑस्बर्न यांनी त्याला सहा सामने बाहेर ठेवलं आणि हंगामाच्या शेवटी परत घेतलं. फुटबॉलची शिस्त गेली तर हा पोरगा पूर्ण वाया जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभर टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. मारहाण झालेल्या मुलीच्या बाजूनं पाहिलं तर पोराला वाचवण्याची ती भाषा फार एकतर्फी होती. फिएस्टा बोलमध्ये फिलिप्स १६५ यार्ड धावला. पुढे त्याला गंभीर गुन्ह्यांत दीर्घ शिक्षा झाली आणि २०१६मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. तो संघात नाही. माझ्या संघातल्या जॉनी रॉजर्सनंही विद्यार्थिदशेत पेट्रोलपंपावरच्या चोरीत भाग घेतला होता, मग तो कसा चालतो, असं कुणी विचारेल. माणसाला मारणं आणि गल्ला लुटणं यांत मी फरक करतो, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

कारण रॉजर्सला वगळणं अशक्यच. २५ नोव्हेंबर १९७१, थँक्सगिव्हिंगचा दिवस, ओक्लाहोमातलं नॉर्मन गाव. पहिल्या क्रमांकाचा नेब्रास्का विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा ओक्लाहोमा. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असताना रॉजर्सनं समोरून लाथेनं उडवलेला चेंडू झेलला. तो पहिल्याच धडकेत पडायला हवा होता. त्याऐवजी ७२ यार्ड पळून त्यानं टचडाउन केला. पण तो सामना त्यानं एकट्यानं जिंकला नाही. जेफ किनीनं चार टचडाउन केले, आणि शेवटचा तर फळीनं यार्डामागून यार्ड वाट काढून दिल्यावर. ३५-३१. त्या हंगामाच्या अखेरच्या क्रमवारीत दुसरा, तिसरा आणि चौथा आलेल्या तिन्ही संघांना नेब्रास्कानं हरवलं होतं. असं पुन्हा कुणी करेल याची मी वाट पाहणार नाही. रॉजर्सबरोबर चेंडू झेलायला १९८३चा आयर्विंग फ्रायर.

डेव्हनी येण्याआधीचा काळ, म्हणजे १९६२ पूर्वीचा, हा खरा पेच. तेव्हा तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. मग तुलना कशाशी करायची? नोटर डेम विद्यापीठाच्या ‘चार घोडेस्वार’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चौघा खेळाडूंना तीन वर्षांत फक्त दोन पराभव पाहावे लागले, १९२२ आणि १९२३मध्ये, आणि दोन्ही नेब्रास्काकडून, लिंकनमध्येच. दुसऱ्या वेळी एड वीअर नेब्रास्काच्या संघात होता. त्याला मी राखीव टॅकल म्हणून घेतो. आणि एक जागा खेळाच्या गुणांवर मोजायचीच नाही, असं मी ठरवलंय. ती जॉर्ज फ्लिपिनची. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाचा हा मुलगा १८९०च्या दशकात नेब्रास्काकडून खेळला. १८९२मध्ये मिसूरीनं कृष्णवर्णीय खेळाडूसमोर उतरायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. नोंदीत तो नेब्रास्काचा १-० असा विजय आहे. फ्लिपिन पुढे डॉक्टर झाला. त्याच्यानंतर या भागातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत कित्येक दशकं कृष्णवर्णीयांना मैदान जवळजवळ बंदच होतं. रॉजर्स, रोझिअर, फ्रेझर यांची नावं वाचताना फ्लिपिनचं नाव वगळलं तर यादी खोटी होते.

बचावाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथं भांडण कमी. नेब्रास्काच्या बचाव फळीला ‘ब्लॅकशर्ट्स’ म्हणतात, सरावात काळी जर्सी घालायचा मान मिळतो म्हणून. मध्ये रिच ग्लोव्हर आणि एन्डामुकाँग सू. ग्लोव्हर १९७२च्या हाइजमनमध्ये तिसरा आला, आणि बचावाच्या माणसासाठी ते फार मोठं. सूनं २००९मध्ये टेक्साससमोर एका सामन्यात क्वार्टरबॅकला साडेचार वेळा लोळवलं, तरी संघ १३-१२ असा हरला. टोकाला ग्रँट विस्ट्रॉम आणि ट्रेव्ह अल्बर्ट्स, त्यांच्या मागे लव्हॉन्टी डेव्हिड, सर्वांत मागे माइक ब्राउन. राहिलेल्या जागा तुम्ही भरा, मी हरकत घेणार नाही. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. या यादीत २००१नंतरची माणसं इनमिन तीन. कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाचं, विजेतेपद शेवटचं आलं १९९९मध्ये. स्टेडियम मात्र नोव्हेंबर १९६२पासून प्रत्येक सामन्याला भरतंय.

प्रशिक्षक ऑस्बर्न. पंचवीस हंगामांत २५५ विजय, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी नाहीत. डेव्हनींनी रसातळाला गेलेला संघ वर काढला, दोन विजेतेपदं आणली, ऑस्बर्न यांना घडवलं, हे सगळं खरं. तरी माझं मत ठरतं ते जानेवारी १९८४च्या ऑरेंज बोलवर. हंगामात सरासरी ५२ गुण करणारा नेब्रास्काचा संघ मायामीसमोर पिछाडीवरून आला. शेवटच्या मिनिटात टचडाउन झाला आणि गुण ३१-३० असे झाले. एका गुणाची साधी लाथ मारली असती तर बरोबरी झाली असती, आणि मतदानानं विजेतेपदही जवळपास नक्की होतं. ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा डाव टाकला. गिलची फेक मायामीच्या केनी कॅलहूनच्या हाताला लागली आणि सगळं गेलं. बरोबरीवर विजेता म्हणवून घ्यायचं त्यांना पटलं नाही.

लाथ मारणारा ओमाहाचा ॲलेक्स हेनरी, हाही वॉक-ऑन म्हणूनच आलेला. २००८मध्ये कोलोरॅडोविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत त्यानं ५७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पाठवला होता. इतका अचूक माणूस हाताशी असताना, एका गुणानं मागे असलेल्या संघासाठी ऑस्बर्न त्याला मैदानात पाठवतील असं मात्र मला वाटत नाही.