परक्याचे वाहन, आपला प्रवास

दूरच्या प्रवासाचे वाहन प्रवाशाच्या मालकीचे असते, भाड्याचे असते किंवा सार्वजनिक असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असलेली ‘ड्राइव्हअवे’ ही प्रथा या तिन्ही वर्गांत बसत नाही. तीत मालक एका मार्गाने जातो, त्याची मोटार दुसऱ्या मार्गाने जाते, आणि ती नेणारा मनुष्य तिसराच असतो. त्याला बहुधा वेतन मिळत नाही आणि भाडेही द्यावे लागत नाही. प्रवास हाच त्याचा मोबदला होय. या व्यवहाराचे स्वरूप कोणते व तो कशाच्या बळावर चालला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथेचे मूळ त्या देशातील अंतरांत आहे. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हा रस्ता सुमारे २,८०० मैलांचा. नोकरीनिमित्त बिऱ्हाड हलविणारी कुटुंबे आणि हिवाळा फ्लोरिडात काढणारी उत्तरेकडील वृद्ध जोडपी स्वतः विमानाने जात. परंतु मोटारीवाचून तेथे त्यांचे चालत नसे. अशा मोटारी पोचविण्याचे काम मध्यस्थ कंपन्या घेत आणि वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींतून चालक मिळवीत. विद्यार्थी, काम शोधणारे तरुण व परदेशी प्रवासी यांना ही जाहिरात म्हणजे देश पाहण्याची स्वस्त संधी वाटे.

अटी मात्र स्पष्ट असत. चालक सामान्यतः २१ वर्षांहून अधिक वयाचा व परवानाधारक असावा. त्याने अनामत रक्कम ठेवावी, ती मोटार सुस्थितीत पोचल्यावर परत मिळे. पहिल्या टाकीचे पेट्रोल पुष्कळदा मालकाचे, पुढील खर्च चालकाचा. किती दिवसांत व जास्तीत जास्त किती मैलांत पोचावयाचे, हे आधीच ठरलेले असे. वाटेत एखादे रमणीय स्थळ पाहण्याइतकी सवड त्यात असे. दिशा बदलण्याइतकी नसे.

या व्यवहारास नाव कोणते द्यावे? चालक नोकर नव्हे, भाडेकरू नव्हे, पाहुणाही नव्हे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी ठेवींचे जे सूक्ष्म वर्गीकरण केले आहे, त्यात ‘अन्वाहित’ असा एक प्रकार आहे. एकाच्या हाती ठेवलेली वस्तू त्याने ‘धन्याला दे’ असे सांगून दुसऱ्याच्या हाती सोपविली, तर ती अन्वाहित, असे याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने स्पष्ट केले आहे. मालक, कंपनी आणि चालक ही साखळी याहून निराळी नाही. भेद आहे तो पुढे. ठेवीचा स्वेच्छेने उपभोग घेणाऱ्यास याज्ञवल्क्याने दंड सांगितला आहे. येथे मात्र वापरल्यावाचून वस्तू पोचतच नाही. म्हणून ‘वापरू नये’ हा नियम निरुपयोगी ठरतो, आणि ‘किती वापरावी’ हे दिवस व मैल यांनी मोजावे लागते.

हाच विचार १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १५४ व्या कलमात आढळतो. त्याच्या स्पष्टीकरणार्थ दिलेले एक उदाहरण मार्मिक आहे. एका मनुष्याने कलकत्त्यास बनारसला जाण्याकरिता घोडा भाड्याने घेतला, पण तो गेला कटकला. त्याने घोडा काळजीपूर्वक हाकला, तरी अपघाताने घोडा पडून जखमी झाला. भरपाई त्यालाच द्यावी लागते. दोष निष्काळजीपणाचा नाही, ठरलेली दिशा सोडल्याचा आहे.

साहित्याने व चित्रपटाने मात्र नियमापेक्षा नियमभंगच रंगविला. जॅक केरुॲक यांच्या ‘ऑन द रोड’ (१९५७) या कादंबरीत डेन्व्हरहून शिकागोस पोचवावयाची कॅडिलॅक बेफाम वेगाने नेली जाते आणि ओळखू येणार नाही अशा अवस्थेत धन्याच्या दारी येते. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ (१९७१) या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोस न्यावयाची मोटार तेथे पोचतच नाही. कथेला विश्वासघात लागतो. व्यवहाराला तो परवडत नाही. बहुसंख्य मोटारी निमूटपणे पोचल्या नसत्या, तर ही प्रथा दशकानुदशके टिकलीच नसती. पोचलेल्या मोटारीची कथा कोणी लिहीत नाही, एवढेच.

आज अमेरिकेत हे काम मुख्यतः मोटारी लादून नेणारे ट्रक आणि व्यावसायिक चालक करतात. पण मूळ कारण जेथे उरले आहे, तेथे प्रथाही उरली आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला गाडी भाड्याने घेऊन ती क्राइस्टचर्चला सोडणारे पर्यटक पुष्कळ. त्या गाड्या उत्तरेस परत नेण्यासाठी कंपन्या त्या नाममात्र भाड्याने, कित्येकदा दिवसाला एका डॉलरने देतात. याउलट पिंपरी किंवा जमशेदपूर येथील कारखान्यांतून ट्रकची उघडी चासी दूरच्या विक्रेत्याकडे नेणारा भारतीय चालक ऊन, वारा, पाऊस अंगावर घेत शेकडो मैल जातो, तो पोटासाठी. क्रिया एकच, एकाला ती सहल, दुसऱ्याला मजुरी.

मराठीत ‘पोचणे’ आणि ‘पोचविणे’ ही क्रियापदे साधे आणि प्रयोजक अशी वेगळी ठेवलेली आहेत. या प्रवाशाच्या ठिकाणी दोन्ही क्रियांचा कर्ता एकच होतो: तो पोचवितो, म्हणूनच पोचतो. त्याचे स्वातंत्र्य खरे आहे, पण ते दुसऱ्याच्या विश्वासातून कापून दिलेले आहे. आणि मुक्कामी किल्ली परत करताच ते संपते.