विमानाने मुंबई किती लांब?

कोल्हापूरहून मुंबई रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर पडते. गाडी मिरज, पुणे असा वळसा घेते. त्यात सारी रात्र जाते.

विमानाला घाट आडवा येत नाही. उजळाईवाडीहून ते जवळजवळ सरळ जाते. आकाशातून अंतर सुमारे 300 किलोमीटरच. तासाभरात मुंबई!

पण मंडळी, हिशेब पुरा करा. विमान सुटायच्या तासभर आधी नोंदणी बंद होते. म्हणून दोन तास आधी पोचावं. ओळखपत्र हवंच, त्याशिवाय आत सोडत नाहीत. उतरल्यावर सामान आणि शहरातली गर्दी, यात आणखी दीड तास. मुंबईच्या दवाखान्यात दुपारी 2 ला बोलावलं असेल, तर सकाळी 9 च्या आत घर सोडावं लागेल असंच विमान धरा.